काळी ते शरावती : मुलाबाळांसह कारवारचा किनारा

‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह...’ ही घोषणा ऐकतच आमची पिढी मोठी झाली. त्यात कारवारचा नंबर दुसरा. पण समुद्र बघायचा म्हटलं की बेळगावकराची गाडी चोर्ल्याच्याच रस्त्याला लागते. गोवा जवळ, गोवा ओळखीचा, आणि नात्यातलं कुणीतरी पणजीत असतंच. यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ठरवून उलट दिशा धरली. सोबत सासूबाई (मी त्यांना मामी म्हणते), पाचवी संपवलेली थोरली आणि अजून शाळेत न गेलेला धाकटा. खोल्या नवऱ्याने फोनवरच ठरवल्या होत्या, गाडी घरचीच होती. आल्यापासून ओळखीचे लोक रस्ता आणि मुक्काम विचारतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

गुरुवार : अनशी घाट उतरून कारवार

पहाटे साडेपाचला निघालो. खानापूर, लोंडा, रामनगर. लोंड्याच्या रस्त्याबद्दल बेळगावकरांना नव्याने काही सांगायला नको. रामनगरला नाश्त्याला थांबलो. हॉटेलातल्या गल्ल्यावर बसलेले आजोबा मूळचे सुप्याचे. काळी नदीवर धरण झालं, जुनं सुपं पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं इथं वसवली गेली. “आमचं घर नदीकाठाला होतं, आता नदीच घरावर आहे,” असं त्यांनी पुरीभाजीचे पैसे मोजता मोजता सांगितलं. थोरलीने लगेच विचारलं, म्हणजे किती खोल? आजोबा म्हणाले, धरण १०१ मीटर उंच आहे, तूच बघ हिशोब करून. तिथून पुढे ती काळी नदीच्या मागेच लागली.

जोयडा सोडलं की काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं. रस्ता चांगला आहे, पण वळणांना अंत नाही. धाकट्याला दोनदा उलटी झाली. आलेपाक खिशात ठेवा आणि घाटाच्या आधी मुलांना पोटभर दूध पाजू नका. जोयडा ते कद्रा मोबाइलला रेंज जवळजवळ नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि पेट्रोल रामनगरलाच भरावं. जंगलात मध्येच गाडी थांबवून डबे उघडू नयेत. माकडं टपूनच असतात, आणि वनखात्याच्या पाट्याही तेच सांगतात. करवंदं पिकली होती. ती मात्र अनशी गावातल्या एका बाईकडून पानाच्या द्रोणात घेतली.

घाट उतरलो की हवा बदलते. काच खाली केली तर अंगावर गरम, ओलसर वाफ आली. उजव्या-डाव्या हाताला कधी धरणाचं पाणी, कधी नदी. काळी उगमापासून समुद्रापर्यंत १८४ किलोमीटर वाहते आणि एवढ्यात सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी धरणं ओलांडते. थोरलीने वहीत नावं लिहून घेतली आणि “मग समुद्राला काय उरतं?” असा प्रश्न टाकला. उत्तर दुपारी सदाशिवगडाच्या पायथ्याशी मिळालं. इथे नदी एवढी रुंद आहे, की पलीकडची माणसं दिसत नाहीत. इथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला. एक ट्रक पाण्यात गेला, चालक वाचला. शेजारच्या नव्या पुलावरून जाताना सासूबाईंनी हात जोडले ते पलीकडे जाईपर्यंत सोडले नाहीत.

संध्याकाळी टागोर बीच. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते आणि तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले होते, म्हणून हे नाव. गावाच्या मध्याला लागून एवढा लांब, मोकळा किनारा असेल असं वाटत नाही. मुलांना सोडून द्यावं आणि कट्ट्यावर बसावं. बाजूलाच नौदलातून निवृत्त झालेली ‘चपळ’ ही क्षेपणास्त्रनौका वाळूवर आणून ठेवलीय. आत शिरता येतं, अरुंद शिड्या, खलाशांचे पुतळे. धाकटा एका पुतळ्याला “काका” म्हणून हाक मारत राहिला. तिथंच तुपोलेव्ह जातीचं प्रचंड विमानही उभं आहे.

पण मला जास्त भावला तो मेजर रामा राघोबा राणे यांचा पुतळा. कारवारजवळच्या चेंडियाचे. हयात असताना परमवीरचक्र मिळालेले पहिले. १९४८ च्या एप्रिलमध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढत ते रणगाड्याखाली सरपटत पुढे गेले. चालकाला थांब आणि चल सांगायला त्यांच्या हातात दोन दोऱ्या होत्या. मुलांना मी हे सांगितलं आणि मग खोलीवर जाऊन ओढणीच्या दोन टोकांनी पलंगाखालचा रणगाडा रात्री दहापर्यंत चालू राहिला.

शुक्रवार : माजाळी आणि तिळमाती

उन्हाळ्यात किनाऱ्यावर जायचं तर वेळ दोनच : सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळेत वाळू पाय भाजते, मुलं रडतात आणि सगळ्यांची भांडणं होतात. आम्ही सकाळी साडेसहालाच माजाळीला पोचलो. सासूबाई किनाऱ्यावर राहिल्या, आम्ही चौघं टेकाडाकडेने खडकांवरून तिळमातीला गेलो. वाट फार लांब नाही, पण चप्पल घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. पाणी सोबत न्या, तिथे काहीच मिळत नाही.

तिळमातीची वाळू काळी. दुरून ओला डांबर रस्ता वाटतो. ओंजळीत घेतली तेव्हा दिसलं, की ही पूड नव्हे, एकेक कण सुटा, गुळगुळीत, चकचकीत आणि नावाप्रमाणे काळ्या तिळाएवढा. मध्ये एखादा पांढरा शंखाचा तुकडा. ओल्या पोटरीला चिकटते, पण वाळली की हाताने झाडली तरी सगळी पडते. बारीक पांढऱ्या वाळूसारखी कपड्यांत घर करत नाही. आईच्या नजरेने बघितलं तर याहून चांगली वाळू नाही. आमच्याशिवाय तिथे फक्त एक गळ टाकून बसलेला पोरगा होता. लाटा मात्र जोरात येतात आणि खडक उतरता आहे. आम्ही मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही.

परत आलो तर सासूबाई सुकी मासळी वाळत घातलेल्या बायकांच्या मधोमध बसलेल्या. पावसाळ्याची बेगमी चालू होती. सुंगटं, बांगडे, बारीक तारली. “कितें जाय गो बाये?” असं एकीने मला विचारलं, पण माझ्या आधी मामींनीच सगळं ठरवून टाकलं होतं. बेळगावची मराठी आणि कारवारची कोकणी अशी एकमेकींत घुसली होती, की भाव कुणी पाडला आणि कुणी वाढवला ते कळलं नाही. दोन पिशव्या सुकट गाडीत आली. पुढचा सगळा प्रवास काचा उघड्या ठेवून झाला. सुकी मासळी घ्यायचीच असेल, तर झाकण घट्ट लागणारा डबा घरून न्या आणि शेवटच्या दिवशी घ्या, असं मी मामींना सांगायच्या आत व्यवहार उरकला होता.

दुपारी कारवारात खाणावळीत जेवलो. तिरफळ घातलेली बांगड्याची कढी, तळलेली लेपो, उकडा भात, सोलकढी. मुलांना काटे नको म्हणून इसवण मागवली. घाईत जेवायचं ठिकाण नाही हे. वाढणारा मुलगा न विचारता परत भात घालतो.

शनिवार : होन्नावरकडे

हायवे आता चौपदरी आहे, गाडी पळते. अंकोल्याच्या पुढे शिरूर लागतं. १६ जुलै २०२४ ला इथे डोंगर खचून रस्त्यावर आणि गंगावळी नदीत कोसळला आणि माणसं गेली. आपल्याच भागातून लाकूड भरून निघालेला ट्रक दोन महिन्यांहून अधिक काळाने नदीतून वर काढला. डोंगराची लाल कापलेली बाजू अजून तशीच दिसते. तिथे कुणी थांबू नये. आम्हीही थांबलो नाही.

कुमट्याच्या अलीकडे मिर्जान किल्ला. गेरुसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीचा. पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत, कारण या मुलखातला मिऱ्याचा व्यापार तिच्या हातात होता. जांभ्या दगडाच्या भिंती, खंदक, विहिरी, आत मोकळं मैदान. मुलांना पळायला यापेक्षा चांगली जागा या वाटेवर नाही. किल्ल्याला उंच चढ नाही, त्यामुळे सासूबाईही आत आल्या. पण मेमध्ये साडेनऊनंतर जांभा तापतो. विहिरींच्या काठाला सगळीकडे कठडा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नका.

कुमट्याजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. लाल, चपटे, गोडसर कांदे, पातीसकट विणलेले. मार्च ते मे हाच हंगाम. विकणाऱ्या बाईला मराठी येत नव्हती आणि सासूबाईंना कन्नड. इथून पुढे दुभाषाचं काम थोरलीकडे आलं. शाळेत कन्नडच्या पेपरला रडणारी पोरगी इथे आजीच्या वतीने भाव करत होती! बाईने तिला एक कांदा फोडून कच्चाच चाखायला दिला. तिने खाल्ला, तोंड वाकडं केलं नाही. आम्ही दोन वेण्या घेतल्या. वाऱ्यावर टांगल्या तर महिनोन्महिने टिकतात.

होन्नावरला पोचलो तर ठरवलेल्या लॉजवाल्याने खोली दुसऱ्यांना दिलेली. तासभर उन्हात फिरून दुसरी मिळाली. सुट्टीच्या दिवसांत आगाऊ थोडे पैसे भरून पावती घ्या, एवढंच.

रविवार : शरावती

या सहलीतला माझा आवडता दिवस. होन्नावरच्या पलीकडे कासरकोड. तिथे शरावतीच्या खाडीत कांदळवनातून लाकडी फळ्यांची वाट बांधलीय. तिकीट किरकोळ. आम्ही ओहोटीची वेळ आदल्या रात्री विचारून ठेवली होती, कारण भरतीला खाली नुसतं पाणी दिसतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि मग बघायला सुरुवात.

आधी काहीच दिसत नाही. धाकटा कंटाळून फळीवर पालथा पडला, आणि त्यालाच पहिल्यांदा दिसलं. चिखलावर बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटा देत चाललेला. निवट्या. मासा असून पाण्याबाहेर. मग एकदा नजर बसली तर दहा, वीस, पन्नास. त्यांच्या मध्ये नखाएवढे खेकडे, एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती वर-खाली हलवत बिळाच्या तोंडाशी उभे. आम्ही पाय आपटला की सगळे एका क्षणात गायब. श्वास रोखून थांबलो की एकेक बाहेर. अर्धा तास दोन्ही मुलं गप्प राहिली. असं घरी कधी झालेलं नाही. वर सावली गच्च असल्याने दहा वाजले तरी ऊन लागलं नाही. डास असतात, ओडोमॉस लावून जा.

जवळच कासरकोडचा इको बीच. स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन २०२० साली मिळालेल्या किनाऱ्यांपैकी हा एक. कपडे बदलायला स्वच्छ खोल्या, गोड्या पाण्याचे शॉवर, मुलांना खेळायला झोके, आणि जीवरक्षक. बायकांना घेऊन प्रवास करणाऱ्यांनी मानांकनापेक्षा त्या स्वच्छतागृहासाठी इथे थांबावं. आम्ही संध्याकाळी परत येऊन इथेच पाण्यात उतरलो. जीवरक्षकाच्या शिट्टीवर मुलं माझ्यापेक्षा लवकर ऐकतात हे कळलं.

मधल्या वेळेत नाव. शरावतीच्या पात्रात फिरवून आणणाऱ्या नावा होन्नावरहून सुटतात. लाइफ जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बसू नका. लहान मुलाच्या मापाचं मागा, मोठ्या मापाचं डोक्यावरून निघून जातं. नाव कोकण रेल्वेच्या पुलाखालून गेली. दोन किलोमीटरहून लांब, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब पूल. नावाड्याने मध्येच इंजिन बंद केलं आणि बोटाने थांबायची खूण केली. दोन मिनिटांत डोक्यावरून गाडी गेली, खांबांतून आवाज पाण्यात उतरला. त्याला वेळापत्रक पाठ होतं. धाकट्याच्या मते सहलीत बघण्यासारखी हीच एक गोष्ट होती.

इडगुंजीला सकाळीच जाऊन आलो होतो. दोन हातांचा, उभा गणपती. पंचकज्जायाचा प्रसाद सासूबाईंनी पदरात बांधून घेतला. मुरुडेश्वरला संध्याकाळी उशिरा गेलो. १२३ फुटी शंकर, वीस मजली गोपूर, लिफ्टची रांग, फोटो काढणारे, भुट्टेवाले. मुलांना आवडतं. मला गर्दीत दम लागला. तिथला समुद्र दिसायला शांत असला, तरी कुठपर्यंत जायचं ते जीवरक्षकांना विचारूनच पाण्यात पाय घाला. याणाचे काळे सुळके बघायची माझी फार इच्छा होती, मोठा सुळका १२० मीटरचा आहे. पण चालणं, पायऱ्या आणि मामींचे गुडघे यांचं गणित जमेना.

सोमवार : गोकर्ण, मिठागरं आणि तदडीची नाव

सोमवारीच महाबळेश्वराचं दर्शन हवं, हा सासूबाईंचा हट्ट. पहाटे गेल्याने रांग बेताची होती. पुरुषांना सदरा काढावा लागतो, पंचा नेलेला बरा. न्याहारीला बन्स. केळं कुस्करून मैद्यात मळलेल्या, टम्म फुगलेल्या गोडसर पुऱ्या, सोबत चटणी आणि पातळ भाजी. सासूबाईंचा उपास होता, त्यामुळे त्यांनी फक्त वास घेतला आणि “घरी करून बघू की,” म्हणाल्या. ॐ बीच वरून बघायला देखणा आहे. लहान मुलांना घेऊन खाली खडकांत जायच्या भानगडीत पडू नका.

गोकर्णच्या बाहेर साणीकट्ट्याची मिठागरं. मे म्हणजे मीठ काढायचे शेवटचे दिवस, एक मोठा वळीव झाला की खेळ खलास. चौकोनी वाफ्यांत माणसं लाकडी फावड्याने मीठ ओढून ढीग करत होती. कडेने वितळल्यासारखं ऊन. अंकोल्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, हे थोरलीला सांगितलं. तिने वाफ्याच्या बांधावरचा एक खडा उचलून जिभेला लावला आणि बराच वेळ थुंकत बसली.

मग तदडी. अघनाशिनी नदी इथे समुद्राला मिळते आणि पलीकडच्या अघनाशिनी गावाला जायला नाव आहे. पर्यटकांसाठी नव्हे, रोजची. मोटारसायकली, माशांच्या टोपल्या, लग्नाला निघालेली मंडळी, सगळं एकत्र. सुटे पैसे ठेवा. पलीकडे जाऊन सरबत पिऊन त्याच नावेने परत आलो. मुलांची एवढी स्वस्त आणि एवढी मोठी करमणूक दुसरी नसेल.

ओहोटी होती. पात्रात छातीभर पाण्यात बायका-पुरुष उभे, पायाने चिखल चाचपत, मध्येच बुडी मारून ओंजळभर तिसऱ्या (शिंपल्या) काढून तरंगत्या भांड्यात टाकत. शेजारच्या बाईशी थोरलीने कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, अख्खं गाव यावर जगतं, नदीला गोडं पाणीही येतं आणि खारंही, म्हणून. थोरलीने वही काढली. “हिच्यावर धरणं किती?” बाई हसली. एकही नाही. या खाडीला जानेवारी २०२४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, जागा मिळालीय, ते मी थोरलीला नंतर सांगितलं. तिने काळीच्या चार नावांसमोर अघनाशिनी लिहून पुढे मोठं शून्य काढलं.

रात्री वळीव आला. गडगडाट, गारवा, लाइट गेली. सकाळी मिठागरांतल्यांचं काय झालं असेल, हे विचारायला आम्ही थांबलो नाही, पण मनात होतं.

मंगळवार : अरबैल घाटाने परत

अंकोला, यल्लापूर, हल्याळ. ट्रक पुष्कळ, पण वळणं अनशीपेक्षा सोपी. धाकटा झोपला. हल्याळच्या बाजारात चहाला थांबलो तर पुन्हा मराठी. सासूबाईंनी चहावाल्याला माजाळीपासून सगळी हकीकत ऐकवली. सुकटीचा वास त्यालाही आला असणार.

निघताना अंकोल्याच्या हायवेवर करी ईशाड आंबा विकायला बसलेले दोघं-तिघंच दिसले. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा इथला आंबा. साल पातळ, गर भरपूर, टिकत मात्र नाही, म्हणून बेळगावच्या बाजारात क्वचितच दिसतो. आम्ही घेतले ते अजून थोडे कच्चे होते. विकणारा म्हणाला, पंधरा दिवस लवकर आलात. जूनमध्ये पाऊस लागला की नावा बंद आणि अनशी घाटात दरडींची भीती. तेव्हा जायचं असेल तर मेचा तिसरा आठवडा धरा, आणि अंकोला दुपारच्या आत गाठा, टोपल्या लवकर रिकाम्या होतात.